मागच्या ऑर्डरची मुदत: संरक्षण-खरेदीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

संरक्षण दलांना सुटे भाग पुरवण्याच्या किंवा ते खरेदी करून साठवण्याच्या कामात जे नव्याने येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी भांडुपच्या एका छोट्या कंपनीत निविदा आणि पुरवठा-नियोजन पाहते. आम्ही नौदलाच्या जहाजांसाठी समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह बनवतो. दोन लिफाफ्यांची पद्धत काय असते, एल-वन कोणाला म्हणतात, अनामत रक्कम आणि सुरक्षा ठेव यांत फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालते. ठाऊक नसेल तर कामाला लागल्यावर आठवड्याभरात कळेल, त्याची चिंता करू नका. मला सांगायचे आहे ते अशा वस्तूंबद्दल, ज्या आज मागितल्या तर हाती यायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि हा काळ कागदावर जवळजवळ नेहमीच कमी का दिसतो याबद्दल.

मुंबईत या कामाची तीन दारे आहेत. एक आमच्यासारख्या पुरवठादारांचे, दुसरे माझगाव डॉकसारख्या सार्वजनिक कंपनीच्या खरेदी विभागाचे आणि तिसरे थेट सरकारी. घाटकोपरची मटेरियल ऑर्गनायझेशन म्हणजे नौदलाचे भांडार, लायन गेटच्या आतला नेव्हल डॉकयार्ड आणि आमची बिले ज्यांच्याकडे जातात ते पीसीडीए नेव्हीचे, म्हणजे नौदलाच्या लेखा नियंत्रकांचे, कार्यालय, ही या तिसऱ्या दारामागची मोठी ठिकाणे. नौदलाच्या साहित्य-व्यवस्थापन सेवेत यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून जाता येते आणि संरक्षण लेखा सेवेत नागरी सेवा परीक्षेतून. कोणत्याही दाराने आत आलात तरी हातात येणारी फाइल सारखीच असते: एक मागणीपत्र, त्याला जोडलेली मागच्या खरेदीची प्रत आणि एक रिकामा रकाना, ज्यात नवी पुरवठा मुदत भरायची असते. सापळा या रकान्यात आहे.

आधी वस्तू संथ का असते ते पाहू. आमच्या व्हॉल्व्हचे यंत्रकाम म्हणजे लेथ आणि सीएनसीवरचे काम फार वेळ खात नाही. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. व्हॉल्व्हचा मुख्य भाग, ज्याला सगळे बॉडी म्हणतात, निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा ओतलेला असतो, कारण खाऱ्या पाण्यात साधे पितळ टिकत नाही. या मिश्रधातूचे ओतकाम नेमून दिलेल्या प्रतीचे करणाऱ्या फाउंड्र्या मोजक्या असतात आणि तुमच्या दहा-बारा नगांसाठी त्या भट्टी पेटवत नाहीत. दुसऱ्या कोणाची त्याच धातूची मागणी जमेपर्यंत तुम्ही थांबता, किंवा पूर्ण भट्टीचे पैसे भरता. ओतल्यावर रासायनिक पृथक्करण, ताण-चाचणी आणि रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी धातूच्या आतली तपासणी, होते. रेडिओग्राफीत पोकळी दिसली की तो नग बाद होतो आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. मग यंत्रकाम, मग हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, मग तपासणी अधिकाऱ्यांसमोर अंतिम चाचणी. या सगळ्याच्याही आधी क्यूएपी, म्हणजे गुणवत्ता हमी आराखडा, मंजूर होऊन यावा लागतो. तो हाती नसताना ओतलेला माल तपासणीला उभाच राहत नाही, मग तो कितीही चांगला असो.

व्हॉल्व्ह ही तशी लहान वस्तू. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांना गती देणाऱ्या चार-चार गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मायकोलाइव्ह शहरातील झोऱ्या-माशप्रोयेक्त या कारखान्याच्या आहेत. 2022 च्या युद्धात ते शहर थेट माऱ्यात आले. अशा वस्तूला पर्यायी पुरवठादार चार निविदा काढून सापडत नाही. म्हणून जहाज घेतानाच सुटे भाग दोन थरांत घेतले जातात: जहाजावर ठेवायचे ते ऑन-बोर्ड स्पेअर्स, आणि किनाऱ्यावर ठेवायचे ते बेस अँड डेपो स्पेअर्स. त्यांची यादी उत्पादकाच्या शिफारशीवरून बनते आणि ती पहिल्या काही वर्षांपुरतीच असते. पुढची पंचवीस-तीस वर्षे भांडाराने आपल्या हिशेबावर चालायचे असते. तो हिशेब सोपा दिसतो. दरवर्षी किती लागतात, हाती किती आहेत, नवे यायला किती काळ लागतो, त्या काळात किती खपतील आणि त्यावर जोखमीसाठी किती जास्त ठेवायचे, एवढेच. यातला तिसरा आकडा चुकला की पुढचे सगळे आकडे त्याच्यामागून चुकतात.

आता त्या आकड्याविषयी. हा भाग लांबेल, पण मी मुद्दाम लांबवते आहे.

एका व्हॉल्व्हच्या मागच्या ऑर्डरवर पुरवठा मुदत चार महिने लिहिलेली होती आणि माल चार महिन्यांत पोचलाही होता. नवी निविदा निघाली तेव्हा तीच मुदत उतरवली गेली. आम्ही ती मान्य केली, कारण आमच्याकडेही तीच जुनी प्रत होती. खरेदीदाराचा कागद बरोबर होता, आमचा कागदही बरोबर होता. दोन्ही कागदांवर नव्हती ती एक साधी गोष्ट: मागच्या वेळी चार महिन्यांत माल गेला, कारण त्याच्या आधीच्या एका मोठ्या कामातल्या ओतीव बॉड्या प्रमाणपत्रांसकट आमच्या गाळ्यात शिल्लक पडल्या होत्या. म्हणजे चार महिने हा काळ यंत्रकामाचा आणि तपासणीचा होता. ओतकामाचा काळ आधीच कोणीतरी, दुसऱ्याच ऑर्डरच्या खात्यावर, भरून टाकला होता.

नवी ऑर्डर हाती आली आणि मी पॅटर्न पाहायला फाउंड्रीत गेले. पॅटर्न म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना. तो पत्र्याच्या शेडखाली, भिंतीला लावलेल्या मांडणीच्या वरच्या कप्प्यात, पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. पोते बाजूला केले तेव्हा दोन अर्ध्या भागांच्या जोडावर लाकूड फुगून बोटभर फट पडलेली दिसली. कोअर-बॉक्सचा, म्हणजे आतली पोकळी घडवणाऱ्या साच्याचा, एक तुकडा सापडतच नव्हता, आणि वरचा आमच्या कंपनीचा रंगवलेला क्रमांक मुंबईच्या पावसाळ्यांनी इतका पुसला होता की फाउंड्रीच्या मुकादमाने तो नखाने खरवडून वाचला. नवा पॅटर्न करायचा म्हणजे सुतार हवा. लाकडी पॅटर्न करणारे जुने कारागीर आता थोडे उरले आहेत आणि त्यांच्याकडेही रांग असते. नवा पॅटर्न म्हणजे पुन्हा पहिला नमुना ओतायचा, पुन्हा मोजमापे घ्यायची, पुन्हा मंजुरी मिळवायची. दरम्यान क्यूएपीची नवी आवृत्ती लागू झाली होती, तिच्यात रेडिओग्राफीचे प्रमाण वाढले होते. चार महिन्यांची मुदत पॅटर्न आणि मंजुरीतच संपली, ओतकाम त्यानंतर सुरू झाले. विलंबदंड, ज्याला सगळे एलडी म्हणतात, आठवड्यागणिक वाढत गेला. त्याचे वाईट वाटले, पण त्याहून अधिक लागले ते हे, की तो व्हॉल्व्ह ज्या जहाजाच्या दुरुस्तीसाठी हवा होता त्या जहाजाचे वेळापत्रक आमच्यासाठी थांबू शकत नव्हते. तिथे दुसऱ्या जहाजावरचा व्हॉल्व्ह काढून बसवला गेला. एका जहाजाचा भाग दुसऱ्याला लावण्याची ही रीत जगभरच्या नौदलांत चालते. पण प्रत्येक वेळी तिच्यामागे कोणाच्या तरी रकान्यातला चुकीचा आकडा असतो.

म्हणून नीट लक्षात घ्या: करारावरची पुरवठा मुदत आणि वस्तू बनायला लागणारा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे दोन पक्षांनी मान्य केलेली तारीख. दुसरी धातू, भट्टी, माणसे आणि मंजुऱ्या ठरवतात. आणि भांडाराला या दोन्हींपेक्षा मोठा असा तिसराच काळ लागतो. तो मागणीपत्र उठते त्या दिवशी सुरू होतो आणि तपासणी होऊन, पावती होऊन, भाग मांडणीवर वापरायोग्य अवस्थेत येतो त्या दिवशी संपतो. त्यात वित्तीय सल्लागारांची सहमती, निविदेचा काळ, आलेल्या शंका, वाढवून दिलेली तारीख, दरांची वाटाघाट, आदेश, मग वर सांगितलेले सगळे आणि शेवटी तपासणीसाठी अधिकाऱ्यांची मिळणारी वेळ असे सगळे येते. नवी माणसे यातला फक्त मधला तुकडा मोजतात, कारण तेवढाच छापील स्वरूपात समोर असतो. मी तर म्हणेन, आदेश निघण्याआधीचा काळ अनेकदा कारखान्यातल्या काळाएवढाच मोठा असतो, आणि तो मोजण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते.

हे फक्त भांडुपच्या गाळ्यांत घडते असे नाही. तेजस विमानाच्या एफ-404 इंजिनाचे उदाहरण या कामात येणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे. जनरल इलेक्ट्रिकने आधी मागवलेली 65 इंजिने 2016 पर्यंत पुरवली आणि पुढची मागणी समोर नसल्याने भारतासाठीची ती उत्पादन-शृंखला थांबवली. 2021 च्या फेब्रुवारीत 83 तेजस मार्क-1ए विमानांचा करार झाला आणि ऑगस्टमध्ये 99 इंजिनांची ऑर्डर सुमारे 5,375 कोटी रुपयांना दिली गेली. त्यातले पहिले इंजिन आले 2025 च्या मार्चमध्ये. बंद पडलेली शृंखला पुन्हा उभी करायची म्हणजे तिला भाग देणारे शेकडो छोटे पुरवठादार पुन्हा शोधायचे, त्यांची कामे पुन्हा प्रमाणित करून घ्यायची. त्यात महामारीने जगभरची साखळी विस्कटलेली. इंजिन ओळखीचे होते, कंपनी तीच होती, आराखडे तेच होते, तरीही ते मधल्या काळात थंड झालेल्या कारखान्यातून यायचे होते. हे आमच्या पॅटर्नचेच मोठे रूप आहे. अमेरिकेचीही गत वेगळी झाली नाही. 2022 मध्ये युक्रेनला स्टिंगर क्षेपणास्त्रे दिल्यावर नवी बनवायची वेळ आली, तेव्हा तिथल्या संरक्षण खात्याने सुमारे 18 वर्षे ती घेतलेलीच नव्हती, आणि शोधकयंत्रणेतले काही इलेक्ट्रॉनिक भाग बाजारातून नाहीसे झाल्याने त्यांची रचना नव्याने करावी लागली.

मग सगळेच भरपूर साठवून का ठेवू नये, असे विचाराल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वस्तूगणिक बदलते. दारूगोळ्याच्या बाबतीत कमी साठ्याचे दुखणे जुने आणि नोंदलेले आहे. 2015 मध्ये संसदेत ठेवलेल्या कॅगच्या अहवालात, 40 दिवसांच्या युद्ध-साठ्याच्या निकषापुढे 20 दिवसांची किमान स्वीकारार्ह पातळीही मार्च 2013 मध्ये 170 पैकी 125 प्रकारांत गाठली गेली नव्हती, असे नोंदवले होते. हा अहवाल मुळातून वाचा. त्यातला युद्ध-सज्जतेचा भाग वर्तमानपत्रांत भरपूर आला, पण मागणी नोंदवणे आणि उत्पादन होणे यांत पडणाऱ्या अंतराचा जो कंटाळवाणा भाग आहे, तोच तुमच्या कामाचा आहे.

दुसरीकडे, साठवलेली वस्तू जशीच्या तशी राहत नाही. एका भांडारात मी ओ-रिंगांची पाकिटे पाहिली. प्रत्येक पाकिटावर रबर पक्के केल्याची तिमाही आणि वर्ष छापलेले होते. मांडणीच्या पुढच्या ओळीत नवी पाकिटे होती, कारण नवा माल आला की तो पुढे ठेवणे सोपे असते, आणि मागच्या ओळीत मुदत उलटलेली, न फोडलेली, दिसायला अगदी तुकतुकीत पाकिटे. आयएसओ 2230 नुसार नायट्राइल रबराच्या अशा भागांची सुरुवातीची साठवण-मुदत 7 वर्षांची असते आणि तपासून ती आणखी 3 वर्षे वाढवता येते. रबर, पाणबुडीच्या बॅटऱ्या, चिकटद्रव्ये, स्फोटके, काही इलेक्ट्रॉनिक घटक या सगळ्यांना वय असते. त्यांचा मोठा साठा एकदम घेतला तर तो एकदमच म्हातारा होतो. तिथे कराराचे टप्पे पाडून माल मागवणे हाच मार्ग. धातूच्या भागांचे तसे नाही. म्हणून माझे ठाम मत आहे, आणि ते मी आमच्या कंपनीत भांडून अमलात आणले आहे, की तयार व्हॉल्व्हपेक्षा ओतीव बॉड्या साठवाव्यात. त्यांची रेडिओग्राफी झालेली असावी, वितळण-क्रमांक, म्हणजे धातू भट्टीच्या कोणत्या ओतीतला ते सांगणारा क्रमांक, अंगावर ठोकलेला असावा आणि चाचणीचे प्रमाणपत्र फाइलमध्ये असावे. एकाच बॉडीतून दोन-तीन प्रकारचे व्हॉल्व्ह काढता येतात, पैसा कमी अडकतो आणि सगळ्यात संथ टप्पा पार पडलेला असतो. सरकारी भांडारांनीही फोर्जिंग आणि कास्टिंगच्या पातळीवर साठा करण्याचा विचार अधिक करावा असे मला वाटते. लेखापरीक्षणात अर्धवट बनलेली वस्तू समजावून सांगणे अवघड जाते, हे मला माहीत आहे, तरीही.

मुख्य जहाज आणि त्याची संथ वस्तू यांचे वेळापत्रक वेगळे पडले की काय होते, ते आपल्या शहरानेच पाहिले आहे. स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार 2005 मध्ये झाला आणि माझगाव डॉकने बांधलेली पहिली, आयएनएस कलवरी, 14 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी निवडलेल्या ब्लॅक शार्क टॉर्पेडोंची खरेदी मात्र मध्येच रद्द झाली होती, कारण ते बनवणारी कंपनी ज्या इटालियन समूहाची होती तो व्हीआयपी हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाचखोरीच्या प्रकरणात अडकला. नव्या जड टॉर्पेडोंसाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी सुमारे 877 कोटींचा करार झाला डिसेंबर 2024 च्या अखेरीस, सहावी पाणबुडी वागशीर दाखल होण्याच्या पंधरवडाभर आधी. मधल्या वर्षांत पाणबुड्यांना जुन्या टॉर्पेडोंवर भागवावे लागले. रद्द करण्याचा निर्णय योग्य की अयोग्य, हा माझा विषय नाही. संथ वस्तूची एक खरेदी रद्द झाली की घड्याळ थांबत नाही, ते पुन्हा शून्यापासून सुरू होते, एवढे तुम्ही पाहावे.

आता आडवाटांबद्दल स्पष्टच बोलते. जेममध्ये, म्हणजे सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर, नोंदणी करून देतो, ऑर्डर मिळवून देतो, असे सांगणारे सल्लागार तुम्हाला भेटतील. नोंदणी तुमची तुम्हाला करता येते. त्यासाठी कोणाला टक्केवारी देऊ नका. दर पाडून एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा निविदाकार, व्हायचे आणि मुदतीचे पुढे पाहू म्हणायचे, हा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहा, कारण पुढे तो नसतो, तुम्ही असता. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट: मुदत जवळ आली की कोणीतरी म्हणेल की नागदेवीत असाच माल मिळतो, प्रमाणपत्राची झेरॉक्सही मिळते. नागदेवीचा बाजार हा कामसू, जाणत्या व्यापाऱ्यांचा बाजार आहे आणि आम्ही तिथून रोज काही ना काही आणतो. पण ज्या धातूच्या वितळण-क्रमांकाचा माग लागत नाही तो धातू पाण्याखालच्या व्हॉल्व्हमध्ये घालणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणे आहे. त्यापेक्षा एलडी भरा. मुदतवाढीचा अर्ज करा, लवकर करा, कारणे आणि कागद जोडून करा. आणीबाणीच्या खरेदीचे विशेष अधिकारही संथ वस्तू वेगवान करत नाहीत. ते मंजुरीचा काळ कापतात, भट्टीचा नाही. म्हणून त्यांतून तयार, कोणाच्या तरी साठ्यातली वस्तूच काय ती लवकर मिळते.

गुरू करायचा तर भांडारातला करा. खरेदी विभागातले वरिष्ठ नियम शिकवतील आणि ते शिकायलाच हवेत. पण कोणता भाग कधी संपतो, कोणत्या पुरवठादाराचा माल तपासणीत परत जातो, कोणत्या मांडणीवर काय विसरले गेले आहे, हे वर्षानुवर्षे खतावणी सांभाळणाऱ्या भांडारपालाला आणि फाउंड्रीच्या मुकादमाला ठाऊक असते. त्यांना काका-मावशी म्हणून, चहाच्या वेळी, आदराने विचारा. मला या कामातले जे खरे येते ते अशाच दोन-तीन माणसांनी शिकवले आहे आणि त्यांपैकी कोणाच्याही नावापुढे पदवी नाही.

हे सगळे वाचून घाबरू नका. नियम बदलत आहेत आणि बरेचसे बदल छोट्यांच्या बाजूचे आहेत. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना अनामत रकमेतून सूट आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमावलीत स्वदेशीकरणाच्या कामांसाठी विकासाच्या टप्प्यात विलंबदंड नाही आणि नंतरही तो सौम्य आहे. स्वदेशीकरण केलेल्या वस्तूंसाठी पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देण्याची सोय त्यात आहे, आणि जहाजांच्या दुरुस्तीत काम वाढेल असे धरून 15 टक्क्यांची तरतूद आधीच करता येते. पाच वर्षांची हमी ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण हमी असेल तर फाउंड्रीवाला पॅटर्न जपतो, सुताराला पुढचे काम दिसते आणि भट्टीत आपली जागा राहते. भांडवल अडकते, बिलाला वेळ लागतो, रात्री झोप लागत नाही असे दिवस येतात. ते मला अजूनही येतात. तरी हे काम शिकता येण्याजोगे आहे आणि त्यात मन लावून टिकणाऱ्या माणसांची गरज मोठी आहे.

कामाला लागलात की पहिली फाइल हातात येईल तेव्हा मागच्या आदेशाच्या प्रतीवर थांबू नका. त्या आदेशाचा माल ज्या बॉडीतून बनला तिचे वितळण-प्रमाणपत्र मागा आणि त्यावरची तारीख आदेशाच्या तारखेशी ताडून पाहा. वितळण आधीचे असेल तर ती मुदत तुमच्या उपयोगाची नाही. मग पुरवठादाराला चार प्रश्न लेखी विचारा: पॅटर्न कोठे आहे आणि तो शेवटचा कधी वापरला, भट्टीची किमान मात्रा किती, कोणता भाग आता बनत नाही, आणि तपासणीसाठी मागच्या वेळी बोलावल्यापासून किती दिवसांनी अधिकारी आले. उत्तरे आली की प्रत्येक टप्प्यासमोर सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून तो कागद मागणीपत्राला जोडा, खाली सही करा आणि त्याची एक प्रत भांडारात द्या.